हाड जुळेपर्यंत थांबता येईल अशी जागा घ्या

प्रश्न : मॅडम, ऑर्थोपेडिक्सचं पदव्युत्तर शिक्षण संपवून दोन वर्षं झाली. सध्या एका जनरल हॉस्पिटलमध्ये काम करते. पुढे ट्रॉमामध्येच (अपघाताच्या दुखापतींत) राहायचं हे नक्की आहे आणि फेलोशिपसाठी दोन ठिकाणांहून होकार आला आहे. पहिली जागा जगभर नाव असलेल्या विद्यापीठ रुग्णालयातली. मुदत तीन महिने. पेल्व्हिस (कटीचं हाड) आणि त्यातल्या खुब्याच्या खोबणीसाठी, म्हणजे अ‍ॅसिटॅब्युलमसाठी लोक तिथे दुरून येतात, पण बाहेरून आलेला फेलो तिथे बहुतेक वेळा ऑब्झर्व्हर, म्हणजे नुसता बघणारा, असतो. दुसरी जागा वर्षभराची, मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये. कामाचा लोंढा प्रचंड, ऑन-कॉल भरपूर, फेलो स्वतः ऑपरेट करतो म्हणतात. पण त्या संस्थेचं नाव आमच्या वर्तुळात फारसं कुणी घेत नाही. मित्र म्हणतात, सीव्हीवर नाव दिसलं पाहिजे. घरचे म्हणतात, आता आणखी एक वर्ष कशाला? त्यातच माझी चण लहान. ‘फीमर (मांडीचं हाड) ओढणं तुझं काम नाही, हँड सर्जरीकडे वळ,’ असं एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून मी स्वतःवरच शंका घेते आहे. काय करू?

उत्तर : दुसरी जागा घ्या. मात्र होकार कळवण्याआधी त्यांना काही प्रश्न विचारा आणि लेखी उत्तरं मिळवा. पहिली जागा नाकारू नका, दोन वर्षांनी येते म्हणून कळवा. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात दोन्ही जागांची मुदत आहे, नाव आहे, ऑन-कॉल आहे, पण फॉलो-अप क्लिनिकचा शब्दही नाही. माझ्या मते सगळा निर्णय तिथेच होतो.

ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे हा कुठल्याही फ्रॅक्चरचा सगळ्यात देखणा एक्स-रे असतो. प्लेट नीट बसलेली, स्क्रू चमकताहेत, अलाइनमेंट सरळ. त्या दिवशी प्रत्येक सर्जन चांगला वाटतो. टिबियाच्या शाफ्टचं (नडगीच्या मधल्या भागाचं) फ्रॅक्चर जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात, ओपन (कातडी फाटून हाड उघडं पडलेलं) असेल तर आणखी. नॉनयुनियन (हाड न जुळणं) म्हणायलासुद्धा प्रचलित व्याख्येप्रमाणे नऊ महिने उलटावे लागतात आणि त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत जुळण्याची काहीच प्रगती दिसलेली नसावी लागते. घोट्यातल्या टेलस या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर असेल तर रक्तपुरवठा टिकला की नाही याची पहिली खूण, हॉकिन्सची रेषा, सहा ते आठ आठवड्यांनी दिसते. अ‍ॅसिटॅब्युलम जोडल्यावर फीमरचं डोकं मेलं का, हे कळायला वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात. आता हे तुमच्या तीन महिन्यांशी ताडून बघा. तिथे तुम्ही शेकडो सुंदर एक्स-रे बघाल आणि त्यातले कुठले टिकले हे न कळताच परत याल.

वर्षभराच्या जागेत पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही केलेल्या केसेस तुम्ही असतानाच परत येतात. काही चालत येतात. काही वाकलेला नेल (हाडात घातलेला दांडा) घेऊन येतात, काहींच्या जखमेतून पाणी येत असतं. कुठल्या फ्रॅक्चरला प्लेट जास्त ताठ झाली, कुठे गॅप राहिला, कुठे रुग्णाला फार लवकर वजन टाकायला सांगितलं गेलं, हे त्या खोलीत कळतं. थांबायचं कधी हेही तिथेच शिकायला मिळतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट’ या मोठ्या अभ्यासात टिबियाच्या नेलिंगचे बाराशेहून अधिक रुग्ण होते आणि नॉनयुनियनसाठी पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा ऑपरेट करायचं नाही असा नियम घातला होता. त्यामुळे बरीच हाडं दुसऱ्या ऑपरेशनशिवाय जुळली. निबंध वाचून हा आकडा लक्षात राहतो. चौथ्या महिन्यात रेषा अजून दिसते आहे, रुग्ण वैतागला आहे, नातेवाईक ‘काहीतरी करा’ म्हणताहेत, अशा वेळी हात आवरण्याचं धैर्य मात्र अशा रुग्णांना महिनोन्‌महिने बघूनच येतं.

१९५८ साली तेरा स्विस सर्जनांनी एओ हा गट स्थापन केला, तेव्हा प्लेट-स्क्रूइतकाच भर त्यांनी नोंदींवर दिला होता. प्रत्येक केस कागदावर उतरायची आणि पुढचे एक्स-रे त्या नोंदीला जोडले जायचे. हाडं जोडण्याचं आजचं शास्त्र त्या चिकाटीवर उभं आहे. फ्रेंच सर्जन एमिल लेतुर्नेल यांनी अ‍ॅसिटॅब्युलमचं वर्गीकरण ज्युडे बंधूंबरोबर १९६४ मध्ये मांडलं आणि पुढे कित्येक वर्षं तेच रुग्ण तपासत राहिले. तुम्हाला पेल्व्हिसची ओढ आहे म्हणून मुद्दाम सांगते : या क्षेत्रात रिडक्शन (तुकडे जागेवर बसवणं) १ मिलिमीटरच्या फरकाच्या आत असेल तरच अ‍ॅनाटॉमिकल (मूळच्यासारखं) धरतात, ३ मिलिमीटरच्या वर गेलं की खराब. ते साधायला क्लॅम्प कुठे लावायचा, किती दाबायचा, सी-आर्मच्या (थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राच्या) कुठल्या व्ह्यूमध्ये बघायचं हे हाताला कळावं लागतं. ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) कोपऱ्यात स्टुलावर उभं राहून, चार जणांच्या खांद्यांवरून ते कळत नाही.

ऑब्झर्व्हर म्हणून जाणं वाया जातं असं मला म्हणायचं नाही. त्याचा काळ निराळा. स्वतःच्या पाच-पन्नास अवघड केसेस झाल्यावर, ‘पोस्टिरिअर वॉलचा हा तुकडा माझ्याच्याने बसत नाही, हे कसा बसवतात?’ असा नेमका प्रश्न घेऊन तुम्ही जाल, तेव्हा तीन आठवड्यांतही भरपूर पदरात पडेल. प्रश्नच नसेल तर तीन महिने कंटाळवाणे होतात आणि हाती फक्त प्रमाणपत्र उरतं.

आता दुसऱ्या जागेला काय विचारायचं ते.

पहिलं, फेलोला स्वतःचं किंवा कन्सल्टंटबरोबरचं फ्रॅक्चर क्लिनिक आठवड्यातून किती वेळा असतं आणि आपण ऑपरेट केलेले रुग्ण त्यातच येतात का? ‘ओटीचा ताण इतका असतो की फेलोला क्लिनिकमधून मोकळं ठेवतो,’ असं उत्तर आलं तर ती सवलत समजू नका. तुमच्या शिक्षणातला अर्धा भाग त्यांनी कापला आहे.

दुसरं, मागच्या फेलोचं लॉगबुक दाखवाल का? रुग्णांची नावं झाकून कुठलीही बरी संस्था ते दाखवते. एकूण आकड्यावर जाऊ नका. किती केसेस त्याने स्वतः केल्या, किती कन्सल्टंट शेजारी उभं असताना केल्या, किती नुसत्या असिस्ट केल्या, हे रकाने बघा. कुठल्या केसेस केल्या तेही बघा. वर्षभर मनगटाच्या प्लेट आणि घोट्याचे स्क्रू असतील आणि टिबियल प्लॅटो, पायलॉन, डिस्टल फीमर ही गुडघ्या-घोट्याजवळची अवघड फ्रॅक्चर सगळी कन्सल्टंटच्या नावावर असतील, तर तुम्ही रेसिडेन्सीच पुन्हा करणार आहात. त्याच टेबलाभोवती किती रेसिडेंट आणि किती फेलो असतात हेही विचारा. एका पेल्व्हिसवर तिघांचा डोळा असेल तर बाहेरून आलेल्याच्या वाट्याला जखम ताणून धरायचा रिट्रॅक्टर येतो.

तिसरं, रात्री दोन वाजता मी अडकले तर कोण येतं आणि किती वेळात? याचं उत्तर फार काळजीपूर्वक ऐका. ‘आमचे फेलो सगळं एकटेच सांभाळतात’ हे अभिमानाने सांगणाऱ्या जागा असतात. तिथे तुमचे तास स्वस्तात विकत घेतलेले असतात आणि रुग्ण जोखमीवर असतो. कन्सल्टंट स्वतः ऑपरेशनला हात न घालता ओटीत उभा राहतो, तुम्हाला चुकीच्या दिशेने जाताना थोडं जाऊ देतो आणि वेळेवर थांबवतो, अशी देखरेख मला अभिप्रेत आहे. ती जिथे मिळते तिथे वर्षाचं सोनं होतं.

चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : प्लास्टिक सर्जन, व्हॅस्क्युलर सर्जन, आयसीयू आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी एम्बोलायझेशन करणारे रेडिऑलॉजिस्ट त्याच इमारतीत आहेत का? ट्रॉमामध्ये हाड जोडणं हा कामाचा एक तुकडा आहे. रक्तातलं लॅक्टेट चढलेलं (पेशींना प्राणवायू कमी पडल्याची खूण), रुग्ण थंड पडलेला, छातीला मार आणि दोन्ही फीमर तुटलेले, अशा वेळी आत्ता नेल टाकायचा की एक्स-फिक्स (हाड बाहेरून धरणारी चौकट) लावून आयसीयूत न्यायचं, हा निर्णय जीव वाचवतो किंवा घेतो. १९८०च्या दशकात सगळी हाडं लगेच जोडण्याकडे कल होता. पुढे हॅनोवरसारख्या केंद्रांनी दाखवून दिलं की काही रुग्णांना तो दुसरा धक्का सोसत नाही, आणि डॅमेज कंट्रोलचा, म्हणजे आधी जीव सावरून हाडं नंतर जोडण्याचा, विचार रुळला. आज आपण रिससिटेशनला (रुग्ण सावरण्याच्या उपचाराला) मिळणारा प्रतिसाद बघत बघत ठरवतो. हे ठरताना तुम्ही त्या खोलीत असायला हवं, भूलतज्ज्ञ आणि इन्टेन्सिव्हिस्टशी वाद घालायला हवा, कधी त्यांचं ऐकायला हवं. ओपन फ्रॅक्चरचंही तसंच. अँटिबायोटिक पहिल्या तासात गेलं का, पहिल्या डीब्राइडमेंटला (जखम साफ करताना) प्लास्टिक सर्जन शेजारी होता का, फ्लॅप (उघड्या हाडावर मांस-कातडीचं झाकण) कधी झाला, यावर पाय राहणार की जाणार हे ठरतं. प्लास्टिक सर्जन मार्को गोडिना यांनी पहिल्या ७२ तासांत फ्लॅप करण्याचे फायदे १९८६ मध्येच मांडले होते. तरीही प्लास्टिक सर्जन दुसऱ्या हॉस्पिटलमधून बोलवावा लागतो तिथे ते ७२ तास फोनाफोनीत जातात. तसलं वर्ष तुम्हाला फार तर हतबलता शिकवेल.

म्हातारपणीच्या हिप फ्रॅक्चरबद्दलही बोलायला हवं. फेलोशिपला येणाऱ्यांना पेल्व्हिस हवा असतो आणि हिप म्हटलं की चेहरा उतरतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पुढची तीस वर्षं तुमच्या यादीत सगळ्यात जास्त हीच फ्रॅक्चर असणार आहेत. वर्षभरातला मृत्युदर अनेक अभ्यासांत २० ते ३० टक्क्यांच्या घरात दिसतो, म्हणजे कित्येक कॅन्सरांपेक्षा हा आजार गंभीर. स्क्रूचं टोक फीमरच्या डोक्याच्या मध्याशी आणि पुरेसं खोल आहे का, टिप-अ‍ॅपेक्स अंतर (स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शिखरापर्यंतचं) २५ मिलिमीटरच्या आत आलं का, एवढं साधं मोजमाप स्क्रू बाहेर फाटून येणं टाळतं. पण आजीला ऑपरेशन थिएटरमध्ये दीड दिवसाच्या आत नेणं, तिची वेदना आटोक्यात ठेवणं, भ्रम होऊ न देणं, दुसऱ्या दिवशी उभं करणं, ऑस्टिओपोरोसिसचं औषध सुरू करून दुसरं हिप वाचवणं, हे सगळं एका संघाचं काम आहे. त्या सेंटरमध्ये जेरिअ‍ॅट्रिशियन (वृद्धांचे डॉक्टर) वॉर्डात रोज राउंड घेतात का, हे विचारा. घेत असतील तर त्यांच्याबरोबर फिरा. कुणी सांगितलं नाही तरी फिरा.

इन्फेक्शन आणि नॉनयुनियनचं युनिट असेल तर आणखी चांगलं. हाडाभोवती बाहेरून इलिझारोव्हची रिंग लावणं, मास्क्वेलेच्या दोन टप्प्यांच्या पद्धतीने हाडातली पोकळी भरणं, हे शिकताना पहिलं ऑपरेशन कुठे बिघडलं याचा मागही लागतो.

जमलं तर होकार देण्याआधी दोन दिवस तिथे जाऊन या आणि सकाळच्या ट्रॉमा मीटिंगमध्ये मागच्या रांगेत बसा. आदल्या रात्रीचे एक्स-रे पडद्यावर येतात. एखादं रिडक्शन चांगलं झालेलं नसतं. तेव्हा खोलीत काय होतं ते बघा. सगळ्यात धाकटा रेसिडेंट ‘हे रोटेशनमध्ये गेलंय’ (तुकडा फिरून बसलाय) असं म्हणू शकतो का? कन्सल्टंट स्वतःची खराब केस स्वतः पडद्यावर आणतो का? की पोरांना झोडपलं जातं आणि मोठ्यांच्या एक्स-रेवरून भराभर पुढे सरकतात? संस्थेचं खरं रूप तुम्हाला तिथे अर्ध्या तासात कळेल. जाणं शक्य नसेल तर मागच्या दोन फेलोंशी फोनवर बोला, त्यातला एक तरी स्वतः शोधलेला असू द्या. संस्था ज्याचा नंबर आपणहून देते तो बहुधा चांगलंच सांगतो.

पगार, नोंदणी आणि विमा यांचं थोडक्यात : स्वतः ऑपरेट करायचं तर त्या ठिकाणची वैद्यकीय नोंदणी तुमच्या नावावर हवी, इन्डेम्निटी (दाव्याची भरपाई) कुणाची हे करारात हवं, ऑन-कॉलनंतरची सुट्टी लिहिलेली हवी. नोंदणीला महिने लागतात, तेव्हा त्या कामाला आजच हात घाला. कर्ज काढून बिनपगारी फेलोशिप करू नका.

आता त्या वरिष्ठांचं वाक्य. मला त्याचा राग आला, आणि ते वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचं आहे. तुटलेला फीमर ताकदीने ओढून जागेवर येत नाही. कुठला स्नायू कुठला तुकडा कुठे खेचतो हे ओळखायचं असतं. इलिओसोआस वरचा तुकडा वाकवतो, अ‍ॅबडक्टर बाहेर नेतात, म्हणून सबट्रोकँटेरिक (खुब्याच्या लगेच खालचं) फ्रॅक्चर नुसतं खाली ओढत बसलं तर पैलवानाच्याही हाती येत नाही. भूलतज्ज्ञाला स्नायू पूर्ण सैल करायला सांगा, ट्रॅक्शन टेबल वापरा, फीमोरल डिस्ट्रॅक्टर लावा, शांझ पिन घालून तुकडा हवा तसा फिरवा, बॉल-स्पाइकने दाबून धरा. ही सगळी अवजारं माणसाची ताकद पुरत नाही म्हणूनच घडवली गेली, पुरुषांचीसुद्धा. रूथ जॅक्सन १९३७ मध्ये अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीची पहिली स्त्री सदस्य झाल्या. त्यालाही आता नव्वद वर्षं होत आली. हँड सर्जरी हा सुंदर विषय आहे. आवडत असेल तर जरूर करा, हाकलून लावलं म्हणून नको.

चण लहान असेल तर काही गोष्टी मात्र हट्टाने मागाव्यात. टेबल तुमच्या कोपराच्या उंचीला आणा. मोठा असिस्टंट अवघडतो म्हणून तुम्ही खांदे वर करून तीन तास काम करू नका, पायाखाली स्टूल घ्या. लेड अ‍ॅप्रन तुमच्या मापाचा हवा. सैल अ‍ॅप्रनच्या बाहीच्या मोकळ्या जागेतून स्तनाच्या वरच्या-बाहेरच्या भागावर किरणोत्सार पडतो, म्हणून काखेला पंख असलेला अ‍ॅप्रन मागा. थायरॉइड शील्ड आणि डोसीमीटर (किरणोत्सार मोजणारा बिल्ला) न घालता सी-आर्मजवळ उभं राहू नका, आणि आडवा व्ह्यू घेताना ट्यूबच्या बाजूला न राहता डिटेक्टरच्या बाजूला उभं राहा. कधी त्या वर्षात दिवस राहिले तर लवकर कळवा. गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसीव्हर्टहून जास्त डोस मिळू नये, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे आणि त्यानुसार कामाची आखणी करणं हे संस्थेचं काम आहे. याबद्दल त्यांचं धोरण काय, हे मुलाखतीत विचारायला तुम्हाला संकोच वाटेल. मग फोन करून त्या सेंटरमधल्या एखाद्या स्त्री-सर्जनला विचारा. तिथे एकही नसेल तर तीही माहितीच आहे.

घरच्यांना ‘आणखी एक वर्ष’ खुपतं, ते स्वाभाविक आहे. तुमच्या शिक्षणाची वर्षं त्यांनीही काढली आहेत. त्यांना आकड्यांनी समजावू नका. घोट्याचं एखादं अवघड फ्रॅक्चर पहिल्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने कसं दिसतं ते तीन एक्स-रे समोर ठेवून दाखवा. डॉक्टर नसलेल्या माणसालाही त्यातलं कळतं. ऑन-कॉलच्या आठवड्यांत तुम्ही कुणाच्याच वाट्याला येणार नाही, हेही आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या जागेची उत्तरं वाईट आली तर? क्लिनिक नाही, लॉगबुक दाखवत नाहीत, रात्री कुणी येत नाही, असं असेल तर दोन्ही जागा सोडा. आहात तिथेच थांबा, स्वतःच्या सगळ्या केसेसचा वर्षभराचा फॉलो-अप लावून ठेवा आणि पुढच्या फेरीत अर्ज करा. अशी वही घेऊन येणारा उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्यांना मी नेहमी त्यांची एक बिघडलेली केस सांगायला लावते. ती केस पुढे कशी गेली हे जे सांगू शकतात, त्यांच्याकडे माझं लक्ष जातं. तुमच्या दोन वर्षांतली अशी केस आत्ताच निवडा, एक्स-रे तारखेप्रमाणे लावा.

नावाजलेल्या रुग्णालयाला आभार मानून लिहा की सध्या वर्षभराची ऑपरेटिव्ह फेलोशिप करायचा विचार आहे, त्यानंतर स्वतःच्या पेल्व्हिस-अ‍ॅसिटॅब्युलमच्या केसेस घेऊन थोड्या काळासाठी यायला आवडेल. अशा विनंतीचा बहुतेक ठिकाणी मान राखला जातो. दुसऱ्या जागेला प्रश्नांची ईमेल या आठवड्यात पाठवा आणि उत्तरासाठी मुदत संपत आली असेल तर दहा दिवसांची सवड मागा. क्लिनिकबद्दल ते काय लिहितात, ते मला नक्की कळवा.